दहा तारखेच्या आत

"किती दिलेस?" अण्णांनी विचारलं.

"बाराशे."

"कुणाला?"

"शेंडेंना. माइकवाल्या भालचंद्र शेंडेंना."

"कधी?"

"एक तारखेला."

अण्णांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, मग घड्याळाकडं. दहा तारीख होती आणि बँक बंद व्हायला अर्धा तास उरला होता. जेवता जेवता मी सारखी दाराकडं मान वळवत होते, म्हणून तर त्यांनी मला पकडलं होतं.

"आणि अजून आला नाही?"

"नाही आले."

"अगं, वर्षभरात तो कधी सकाळचा चहा चुकला नाही! दहा तारीख म्हटली की बँक उघडायच्या आधी दारात. मग आजच काय झालं?"

ते मला माहीत असतं तर मी अशी आमटीत बोट फिरवत बसले नसते. आई भाताची वाटी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आधी जेवून घ्या हो. बँक काय पळून जात नाही."

"बँक नाही पळत," अण्णा म्हणाले. "दहा तारीख पळते."

आता हे दहा तारखेचं काय प्रकरण, ते सांगितलं पाहिजे. हल्ली बचत खात्यात रोज जेवढी शिल्लक असते तिच्यावर व्याज मिळतं. तेव्हा तसं नव्हतं. वर्षाला पाच टक्के मिळायचे खरे, पण दहा तारखेपासून महिना संपेपर्यंत खात्यात कमीत कमी जेवढे पैसे राहिले असतील, तेवढ्यावरच. म्हणजे तुम्ही पंधराला दोन हजार काढले आणि सोळाला परत भरले, तरी त्या दोन हजारांचं सबंध महिन्याचं व्याज गेलं. पण तेच एक तारखेला काढून दहाच्या आत भरले, तर बँक पूर्ण महिन्याचं व्याज देणार. मधल्या दिवसांत पैसे कुठं गाव हिंडून आले, हे ती विचारायची नाही.

अण्णा फलटणच्या नगरपालिकेत जकात नाक्यावर कारकून होते. दिवसभर ट्रकवाल्यांची पोती मोजून घेणारा माणूस. त्यांना ज्या दिवशी हा नियम कळला, त्या दिवसापासून आमच्या घरातल्या महिन्याचे दोन तुकडे झाले. चपला, छत्री, कुणाच्या लग्नातला आहेर, जे काय असेल ते महिन्याच्या सुरुवातीला. दहानंतर काही मोडलं तर ते पुढच्या महिन्यापर्यंत मोडलेलंच राहायचं. माझा जन्म सतरा तारखेचा. दवाखान्याचं बिल भरायला अण्णांनी खात्यातले पैसे काढले नाहीत, मामाकडून उसने आणले. आईनं हे त्यांना बावीस वर्षं ऐकवलं. "पोरगी झाली म्हणून पेढे वाटले, तेसुद्धा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला!"

पण अण्णा कंजूष नव्हते हो. उलट हाच नियम वापरून ते लोकांना मदत करायचे. एक तारखेला दोन हजार काढायचे आणि ज्याला अडचण असेल त्याला दहा दिवसांसाठी द्यायचे. कधी शाळेतल्या मास्तरांना, कधी समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला. आणि व्याज एक पैसाही नाही. म्हणायचे, "व्याज मला बँक देतेय. मग माणसाकडून दुसऱ्यांदा कशाला घेऊ?" अट एकच, दहा तारखेला बँक बंद व्हायच्या आत पैसे परत. दोन हजारांचं महिन्याचं व्याज व्हायचं आठ रुपये तेहतीस पैसे. त्या आठ रुपये तेहतीस पैशांसाठी मी त्यांना सख्ख्या चुलत्यावर ओरडताना ऐकलंय.

"यांची माणुसकी दहा तारखेला संपते आणि एकला पुन्हा सुरू होते," असं आई म्हणायची.

या माणुसकीच्या रांगेत एकदा भालचंद्र शेंडे येऊन उभे राहिले. त्यांचा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. लग्न, बारसं, गणपती, निवडणूक, काहीही असो, झाडावर कर्णा बांधायला शेंडे. 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' हा त्यांचा आवाज अख्ख्या फलटणला पाठ होता. पण माइक हातातून काढून घेतला, की या माणसाच्या तोंडातून एक वाक्य सरळ बाहेर पडेल तर शपथ. त्या वेळी त्यांचा ॲम्प्लिफायर जळला होता आणि लग्नसराई तोंडावर आली होती. अण्णांनी दोन हजार दिले. मी चहा दिला. त्यांनी कप घेतला, बशी माझ्याच हातात राहिली आणि ते "बरं" म्हणाले. कशाला बरं म्हणाले, देव जाणे.

दहा तारखेला सकाळी पैसे परत. पुढच्या महिन्यात एक तारखेला पुन्हा हजर. म्हणे कर्ण्याचे भाग आणायला पुण्याला जायचंय. त्याच्या पुढच्या महिन्यात जनरेटरला डिझेल. मग वायरी. मग बॅटऱ्या. अण्णा खूश. "अख्ख्या गावात दहा तारखेचा अर्थ कळलेला एवढा एकच माणूस!"

मी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवत होते. बोटांना न बघता अक्षर ओळखायची सवय, त्यामुळं डोळे मोकळे असायचे. आई पैसे कुणाला देण्याआधी देवापुढं ठेवायची. एकदा तिची उदबत्ती कलंडली आणि वरच्या नोटेचा कोपरा जळला, मसुराएवढा. ते पैसे शेंडेंनी नेले, पुण्याला जाऊन माल आणला म्हणाले, आणि दहा तारखेला परत आणले. गठ्ठ्यातली वरची नोट तीच. तोच जळका कोपरा.

मला आधी वाटलं, योगायोग असेल. पुढच्या महिन्यात मी सगळ्यांत खालच्या नोटेवर पेन्सिलीनं बारीक टिंब काढलं. दहा तारखेला टिंब घरी आलं, तेही सगळ्यांत खालीच. आईनं बांधलेला लाल दोरासुद्धा सुटलेला नव्हता.

हसू आवरेना मला. आणि हसू ओसरल्यावर लक्षात आलं, की आपण पुढच्या एक तारखेची वाट बघतोय. सरळच सांगते, मला तो माणूस आवडायला लागला होता. बशी विसरणारा, कारण नसताना 'बरं' म्हणणारा.

ऑक्टोबरच्या दहा तारखेला ते पैसे देऊन निघाले, तेव्हा मी पायरीपर्यंत गेले.

"शेंडे, नोटा फार छान राहिल्यात हो."

"अं?"

"नाही म्हटलं, दहा दिवस डिझेलच्या धंद्यात हिंडून आल्या, एक सुरकुती नाही."

त्यांचे कान लाल झाले. "कधी कधी... लागतच नाहीत."

"मग नेता कशाला?"

त्यांनी डावी चप्पल उजव्या पायात घातली, तशीच फाटकापर्यंत गेले, तिथं बदलली आणि सायकलवर बसून निघून गेले. या वेळी तर 'बरं'सुद्धा म्हणाले नाहीत.

मी म्हटलं, जाऊ दे, एक तारखेला पुन्हा छेडू. पण त्याच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मला बारामतीचं स्थळ सांगून आलं. मुलगा साखर कारखान्यात, नोव्हेंबरच्या तेरा तारखेला रविवारी बघायला येणार. मुलाबद्दल अण्णांनी दोन वाक्यं सांगितली. त्याच्या वडिलांच्या मुदत ठेवीबद्दल मात्र जेवण होईपर्यंत बोलत होते. दहा टक्के म्हणे, पाच वर्षांसाठी.

दुसरी गोष्ट बँकेत झाली. नवीन शाखाधिकारी आले होते. त्यांनी अण्णांना आत बोलावलं आणि समजावलं, की बोराटे, हे बचत खातं आहे, पैसे साठवायचं. आमच्या बँकेत सहा महिन्यांत बाराच वेळा पैसे काढता येतात. तुम्ही जुलैपासून अकरा वेळा काढलेत. तेरावं काढणं झालं, तर या सहामाहीचं सगळं व्याज बंद.

अण्णा घरी आले ते ताप आल्यासारखे. "सगळं व्याज! सहा महिन्यांचं! आता जानेवारीपर्यंत कुणाला एक रुपया नाही."

"शेंडेंना?" मी विचारलं.

"शेंड्यालासुद्धा. एकच काढणं उरलंय. ते दुखण्याखुपण्यासाठी जपून ठेवायचं."

"म्हणजे आता आम्ही आजारीसुद्धा एकदाच पडायचं," आई म्हणाली.

त्या दोघांची जुंपली आणि मी तशीच बसून राहिले. पैसे नाहीत म्हणजे एक तारीख नाही. एक तारीख नाही म्हणजे दहा तारीख नाही. जानेवारीपर्यंत शेंडे आमच्या घराची पायरी चढणार नव्हते, कारण कारणाशिवाय यायची त्यांच्यात हिंमतच नव्हती. आणि जानेवारीपर्यंत मी बारामतीला पोचले असते, साखर कारखान्याच्या वसाहतीत, दहा टक्क्यांच्या सावलीत.

माझं स्वतःचं खातं होतं. क्लासच्या पगारातले बाराशे रुपये त्यात साठले होते. त्यातून मी तोपर्यंत एकदाही पैसे काढले नव्हते, म्हणजे माझी बाराच्या बारा काढणी शाबूत होती. नोव्हेंबरच्या एक तारखेला मी आयुष्यात पहिल्यांदा पैसे काढायची स्लिप भरली आणि तडक शेंडेंच्या दुकानात गेले.

ते स्टुलावर बसून माइक दुरुस्त करत होते. "हॅलो, हॅलो," करत मान वर केली, तर समोर मी. हॅलो तिथंच थांबलं.

मी नोटा टेबलावर ठेवल्या. "अण्णा आता जानेवारीपर्यंत पैसे काढणार नाहीत, त्यांची मर्यादा संपत आली. हे माझे आहेत. दहा तारखेच्या आत परत आणून द्यायचे. घरी. अण्णांच्या समोर. तेरा तारखेला मला बघायला बारामतीची माणसं येणार आहेत, म्हणून दहा तारीख चुकवायची नाही. ऐकताय ना?"

'ऐकताय ना' तेवढं मी माइकवर वाकून बोलले असणार. कारण बाहेरच्या कर्ण्यातून ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं आणि भाजीवाल्या मावशींनी तिकडून "ऐकतोय गं बाई!" म्हणून उत्तर दिलं. शेंडेंनी धडपडत बटण बंद केलं. मग नोटा हातात घेतल्या.

"या वेळी..." ते म्हणाले.

"हं?"

"या वेळी वापरले तर चालतील?"

"पैसे वापरायलाच असतात," मी म्हणाले आणि माझंच बोलणं मला फार शहाणपणाचं वाटलं.

आणि आता दहा तारीख. बँकेचं दार बंद व्हायची वेळ आली, गेली. अण्णा नाक्यावर गेलेच नाहीत, रजा टाकली. मला फक्त एकदा म्हणाले, "बाराशेचं महिन्याचं व्याज पाच रुपये. बरोब्बर पाच. पैसेसुद्धा नाहीत पुढं." त्यांना माझी कीवच आली असावी. आणि मला पाच रुपयांचं काही नव्हतं. मला वाटत होतं, की आपण एका जळक्या नोटेवरून केवढा मनोरा रचला! तो माणूस खरंच धंद्यासाठी नेत असेल, कधी लागत नसतील, म्हणून तसेच परत आणत असेल. आणि आता लागले, तर गडप. बाराशेही गेले आणि तेही गेले. दुपारच्या क्लासला मी मुलींना तीच ओळ चार वेळा टाइप करायला लावली.

दिवेलागणीला फाटक वाजलं. शेंडे होते. शर्टावर चुन्याचे डाग, केसांत जळमट. अण्णा ओसरीत खुर्चीवर बसले होते. ते उठले नाहीत.

"अण्णा, पैसे आणलेले नाहीत."

"आणले असतेस तरी काय उपयोग? बँक बंद झाली."

"खर्च झाले."

"सगळे?"

"सगळे."

"कशात?"

शेंडेंनी केसांतलं जळमट काढलं. "दोन खोल्या घेतल्या. भाड्यानं, इथंच मलठणात. त्याचं डिपॉझिट भरलं. मालक दहिवडीला गेला होता, त्याची वाट बघत बसलो, म्हणून उशीर झाला. नळ आत आहे."

"तू दुकानात झोपतोस ना? मग तुला रे एकट्याला दोन खोल्या कशाला?"

"एकट्याला नकोत," शेंडे म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. माइक नव्हता, कर्णा नव्हता. तरी आतल्या खोलीत आईच्या हातातली पळी थांबली.

अण्णांना मात्र जे ऐकायचं तेच ऐकू आलं. "अरे पण डिपॉझिटवर मालक व्याज देतो का? बाराशे रुपये त्याच्याकडं फुकट पडून! आणि उजूचं महिन्याचं व्याज बुडालं, ते वेगळंच!"

"बुडू दे," मी म्हणाले.

"काय?"

"व्याज. माझं खातं आहे, माझं व्याज आहे. बुडू दे, अण्णा. मला यांच्याशी लग्न करायचंय."

आमच्या घरात व्याजाबद्दल 'बुडू दे' असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. लग्नाबद्दलचं वाक्य अण्णांच्या डोक्यात त्याच्यामागून शिरलं.

"याच्याशी? हा कधी काही बोललाय का तुला?"

"वर्षभर बोलतायत. तुमच्या दोन हजारांतली एक नोटसुद्धा त्यांनी कधी मोडली नाही. एकला नेलेला गठ्ठा दहाला तसाच. आईचा दोरासुद्धा सुटलेला नसायचा."

अण्णा शेंडेंकडं वळले. "म्हणजे डिझेल नाही?"

"नाही."

"पुण्याला गेलास, तो माल?"

"पहिल्यांदा गेलो होतो. ॲम्प्लिफायरच्या वेळी. नंतर... पत्र्याच्या डब्यात ठेवायचो."

"दहा दहा दिवस? डब्यात? अरे गाढवा, मग नेत कशाला होतास?"

"अहो, परत आणून द्यायला!" आई आतून ओरडली. मग बाहेर आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "मला पहिल्या दोन महिन्यांत कळलं. जकात नाक्यावर पोती मोजता ना तुम्ही?"

 अण्णांनी शेंडेंच्या शर्टावरच्या चुन्याकडं बघितलं. मग म्हणाले, "डिपॉझिटची पावती घेतलीस?"

शेंडेंनी खिशातून काढून दिली. अण्णांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली.

"नळाला पाणी किती वेळ येतं?"

"सकाळी तासभर. संध्याकाळी थोडं."

"हं." पावती घडी घालून त्यांनी परत दिली. "उजे, चहा टाक. चौघांचा टाक. आणि याला बशी दे, विसरतो हा."

दुसऱ्या दिवशी बारामतीला निरोप गेला. मुदत ठेवीसाठी अण्णा थोडे हळहळले, पण गेला. शेंडेंचे काका येऊन बोलणी करून गेले आणि साखरपुडा येत्या गुरुवारी ठरला. अण्णांना घाई कसली झाली होती, कोण जाणे. मीच म्हणाले, की पुढच्या महिन्यात ठेवू या, एक तारीख होऊन जाऊ दे. त्यांनी कॅलेंडरवर गुरुवारला खूण केली.

चौदा तारखेला, सोमवारी, त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मला म्हणाले, "चल." बँकेत जाऊन त्यांनी साखरपुड्याच्या खर्चासाठी दोन हजारांची स्लिप भरली. ते उरलेलं शेवटचं, बारावं काढणं. खिडकीत कुंभार नावाचे कॅशियर होते. अण्णांना ते माझ्या जन्माआधीपासून ओळखायचे. त्यांनी स्लिप बघितली, अण्णांकडं बघितलं, पुन्हा स्लिप बघितली.

"बोराटे, आज चौदा तारीख आहे."

"माहीत आहे."

"महिन्याचं व्याज जाईल. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? सोळा-सतरा दिवसांचा प्रश्न आहे, एक तारखेपर्यंत थांबा की."

"तो पोरगा वर्षभर थांबलाय, कुंभार," अण्णा म्हणाले. "आता आणखी किती थांबवू त्याला?"

मी मागं उभी होते. मला बँकेतच रडू आलं. कुंभारांनी नोटा मोजल्या, अण्णांनी पुन्हा मोजल्या, आणि आम्ही बाहेर पडलो. घरी येईपर्यंत मात्र अण्णांनी मला दोनदा बजावलं, की आठ रुपये तेहतीस पैसे गेलेत तुझ्यापायी, विसरू नकोस.

नाही विसरले मी.